जिथे आपलं ज्ञान संपतं, तिथे खूण कर

लातूर,
दि. ८ नोव्हेंबर

चि. अनुजास,


तुझं पत्र पोचलं. भूजलाच्या कामात तू रमली आहेस, शिवारं पायी पालथी घालते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. एका वाक्यापाशी मात्र अडलो. शेतकरी समोर उभा राहून ‘मॅडम, इथं पाणी हाय का न्हाई, तेवढं सांगा’ म्हणतो, तेव्हा ‘नक्की सांगता येत नाही’ असं म्हणायची लाज वाटते, असं तू लिहिलं आहेस. एवढं शिकून, गाडीभर यंत्रं घेऊन जाऊन हे उत्तर द्यायचं? आणि त्याच गावातला पाणाड्या तळहातावर नारळ धरून एका फेरीत सांगून मोकळा होतो, ‘एकशे ऐंशी फुटांवर दोन इंच पाणी.’ लोक त्याचं ऐकतात, तुझं नाही.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. लांबेल, पण सवडीनं वाच.

तुझ्या यंत्रापासूनच सुरुवात करू. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला दाब मोजायचा, मग खुंट्या लांब लांब नेत तेच पुन्हा करायचं. त्यातून खालचे थर विजेला किती अडवतात ते कळतं. रोध कमी आला की आपण म्हणतो, इथे ओल असावी. पण आपल्या दख्खनच्या खडकात लाव्हाच्या दोन थरांमध्ये जागोजाग तांबड्या चिकणमातीचा पट्टा असतो आणि तिचाही रोध कमीच येतो. आलेखावर भेगाळलेला पाणीदार खडक आणि ही तांबडी माती बऱ्याचदा सारखीच दिसतात. पहिला माणसाला तारतो आणि दुसरी बोअर ढासळवते. शिवाय दोनशे फूट खाली हातभर जाडीची पाणी वाहणारी फट असली तर ती तुझ्या आलेखावर उमटतसुद्धा नाही. खोल गेलं की पातळ थर यंत्राला दिसेनासे होतात.

हे सगळं तू परीक्षेत लिहिलं असशील आणि त्याला पूर्ण गुण मिळाले असतील. उत्तरपत्रिकेत यंत्राच्या मर्यादा नेमक्या लिहिणारी मुलं शेतात गेली की त्याच मर्यादा गिळून टाकतात, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं. त्यात लबाडी नसते. समोरच्याच्या डोळ्यांत आशा असते आणि ती मोडवत नाही. पण त्या आशेपायी बोअरची गाडी येते, फुटावर पैसे मोजले जातात, केसिंगचे वेगळे, आणि चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला तरी गाडीवाल्याचं बिल होतंच. आपण पोटात ठेवलेली शंका तिथे नाहीशी होत नाही. ती कर्ज होऊन त्याच्या नावावर चढते, आणि आपण सही करताना शंका होती हे त्याला कधी कळतही नाही.

आपल्याला कुठवर माहीत आहे हे सांगण्याकडे लोक नम्रपणाचं लक्षण म्हणून बघतात. मला ते पुरेसं वाटत नाही. तो हिशेबाचा भाग आहे. जो आपल्या शब्दावर पैसा किंवा जीव लावतो, त्याला त्या शब्दाखाली जमीन किती आहे हे कळण्याचा हक्क आहे. हे मला किल्लारीनं शिकवलं, म्हणून किल्लारीबद्दल जरा सविस्तर लिहितो. तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता सहाच्या थोडी वर. जगाच्या मानानं हा काही महाभूकंप नव्हे. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून मेलेल्यांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला, काही मोजण्यांत दहा हजारांपर्यंत. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी, होळी ही नावं तेव्हा देशभर गेली. बावन्न गावं जुन्या जागेवरून उठवून नव्यानं वसवावी लागली.

आणि हा सगळा मुलूख देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर पहिल्या विभागात होता. पहिला म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. आम्ही कॉलेजात जे शिकलो तेही हेच: हिमालय अस्थिर, दख्खनचं पठार अचल. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा, खाली त्याहून कितीतरी जुना पाया-खडक, इथे काय हलणार?

आता हा नकाशा कशावरून काढला होता ते बघ. जिथे भूकंप झाल्याची नोंद होती तिथे धोका जास्त, जिथे नोंद नव्हती तिथे कमी. भारतात भूकंपमापक यंत्रं बसू लागली ती १८९८च्या सुमारास, तीही मोजक्या ठिकाणी. म्हणजे यंत्राची नोंद जेमतेम शंभर वर्षांची, आणि ज्या खडकाबद्दल बोलायचं त्याचं वय कोटींत. खोलवरच्या एखाद्या भेगेवर ताण साचून ती सरकायला हजारो वर्षं लागत असतील, तर शंभर वर्षांच्या वहीत तिचं नाव कसं सापडणार? ‘नोंद नाही’ हे खरं होतं. त्याचं ‘होत नाही’ कधी झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. नकाशा करणारे अडाणी नव्हते, हातात होतं त्यातून त्यांनी प्रामाणिकपणे काढला. पण कागदावर रंग भरला गेला की कुठला रंग पुराव्यानं भरला आणि कुठला पुरावा नसल्यानं भरला, हे पाहणाऱ्याला दिसत नाही. दोन्ही रंग सारखेच ठाम दिसतात.

यातली मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट अशी की धडा आधी एकदा मिळून चुकला होता. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हाही पठार अचलच समजलं जात होतं. धरणात १९६२पासून पाणी साठू लागलं आणि त्यानंतर लहान धक्के सुरू झाले होते. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळू शकते याचं जगातलं ठळक उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास आजही होतो. त्या भूकंपानंतर १९७०मध्ये नकाशा सुधारला गेला. आधीच्या नकाशात ‘शून्य’ नावाचा एक विभाग होता. तो काढून टाकला, कारण देशाच्या कोणत्याही भागाला भूकंपाचा धोका शून्य आहे असं म्हणणं शास्त्राला धरून नाही, हे मान्य झालं. किल्लारीनंतर, २००२च्या सुधारणेत, पहिला विभागही गेला. त्या नकाशाची सुरुवात दुसऱ्या विभागापासून झाली आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला.

शून्य काढलं, मग एक काढला. आपल्या शास्त्राच्या इतिहासात एवढी प्रामाणिक वजाबाकी मला दुसरी माहीत नाही. पण दोन्ही वेळा ती मढी मोजल्यावर झाली.

किल्लारीला आदल्या वर्षी सूचना मिळाली नव्हती का, असं तू विचारशील. सगळे विचारतात. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या भागात धक्क्यांची मालिका झाली होती, लोक धास्तावले होते. मग ते धक्के ओसरले. आता मागे वळून ती सूचना वाटते. पण असे लहान धक्क्यांचे झुबके द्वीपकल्पात बऱ्याच ठिकाणी येतात आणि बहुतेक वेळा तसेच विरून जातात. चीनमध्ये १९७५च्या फेब्रुवारीत हायचेंगला आधी लहान धक्के बसले, लोकांना घराबाहेर काढलं गेलं आणि पुष्कळ जीव वाचले. जगाला वाटलं, भूकंपाचं भाकीत आता हाती आलं. पुढच्याच वर्षी जुलैत तांगशानला कोणतीही पूर्वसूचना न देता भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार दोन लाख बेचाळीस हजार माणसं मेली. एका ठिकाणी खरं ठरलेलं दुसरीकडे खरं ठरेलच असं नाही, हे कळायला केवढी किंमत पडली बघ. दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत आजही कुणालाच करता येत नाही. कुणी करत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, मग त्याच्या नावामागे कितीही पदव्या असोत.

पण अनुजा, इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल, आणि हा अर्धा भाग घातक आहे. ‘कुणालाच काही सांगता येत नाही’ असं म्हणून हात झटकणारीही माणसं असतात. मोठमोठ्या खुर्च्यांत असतात. किल्लारीचा भूकंप कधी होणार हे कुणालाही ठाऊक नव्हतं. पण धक्का बसला तर कोणतं घर पडेल, हे ठाऊक होतं.

त्या ढिगाऱ्यांत अर्धवट उभी राहिलेली एक भिंत मी जवळून पाहिली. अडीच फूट जाडीची. लांबून बुरुजासारखी भक्कम. तुटलेल्या कडेनं पाहिलं तर भिंत एक नव्हतीच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधे खडी, कपच्या, माती कोंबलेली. दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेले, आणि दोन्ही थरांना एकत्र धरणारा आरपार दगड शोधून सापडेना. वर माळवद. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं त्यावर माती चढत गेलेली, कुठे दीड फूट, कुठे दोन. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब, चोरापासून भीती नाही. मराठवाड्यातल्या माणसानं आपल्या हवेला ओळखून बांधलेलं शहाणं घर ते. फक्त आडव्या धक्क्याची परीक्षा त्याला कधी द्यावी लागली नव्हती. हलल्याबरोबर भिंतीचे दोन पापुद्रे दोन दिशांना फुगले आणि दगड-माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. पुष्कळ घरांत लाकडाचे खण मात्र जागेवर उभे होते.

आरपार दगड घाला, भिंतीला सर्व बाजूंनी पट्टा बांधा, छतावरची माती हलकी करा. हे उपाय किल्लारीनंतर शोधलेले नाहीत, अभियांत्रिकीला ते आधीपासून माहीत होते. पण ‘इथे भूकंप होत नाही’ या एका समजुतीनं त्या खऱ्या ज्ञानाला गावात येण्याची वाटच बंद केली होती. आपल्याला काय माहीत नाही हे न कळल्यानं जे माहीत आहे तेही वाया जातं. या वाक्याखाली तू रेघ मारलीस तरी चालेल.

नंतर लोक दुसऱ्या टोकाला गेले, तेही मी पाहिलं. दगडानं मारलं म्हणून दगड वाईट, लाकूड वाईट, सिमेंटचा स्लॅब तेवढा चांगला. ज्या खणांनी कित्येकांना वाचवलं ते विकले गेले. कमी सळईचा, वाळू-सिमेंटाचं प्रमाण चुकलेला स्लॅबही तितकाच मारतो, हे सांगणाऱ्याचं ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. त्यांना दोष देणार नाही. ज्यांची माणसं भिंतीखाली गेली, त्यांना पुन्हा त्याच भिंतीत झोप म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

शास्त्रज्ञांनी पुढे काय केलं तेही लक्षात ठेव, कारण मर्यादा ओळखणारा माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, त्याखाली आठ मीटर गाळाचे थर लागले आणि मग अतिप्राचीन पाया-खडक. भूकंपाचं उगमस्थान याहून काही किलोमीटर खोल होतं. म्हणजे एवढं खणूनही आपण दारापर्यंतच पोचलो. कोयना परिसरात पुढे कराडच्या संशोधन केंद्रामार्फत तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, खाली उपकरणं सोडून थेट उगमाजवळ मोजमाप करता यावं म्हणून. ‘माहीत नाही’ असं जिथे नेमकं लिहिलं गेलं, तिथेच पुढचं छिद्र घ्यायचं ठरलं.

आता तुझ्या शेतकऱ्याकडे येतो.

‘सांगता येत नाही’ एवढंच म्हणू नकोस. तू लाजतेस ते बरोबरच आहे, कारण ते उत्तर अपुरं आहे. त्याला असं सांग: ‘दादा, वरच्या चाळीस फुटांबद्दल माझी खात्री आहे, कारण तुमच्या शेजारच्या विहिरी मी आत उतरून पाहिल्या आहेत. चाळीस ते दीडशे फुटांत पाणी लागावं असा माझा अंदाज आहे, पण जिथे पाणी दिसतंय तिथे तांबडी मातीही निघू शकते. दीडशेच्या खाली माझं यंत्र या रानात काही सांगत नाही. तेव्हा दीडशेपर्यंत पाणी आलं नाही तर गाडी थांबवा. गाडीवाला अजून शंभर फूट म्हणेल, तेव्हा माझं नाव सांगा.’ आकडे प्रत्येक रानात बदलतील, हे तुला सांगायला नको. पण सीमा कुठे आहे, कशामुळे आहे, आणि सीमेपाशी गेल्यावर काय करायचं, हे तिन्ही त्याच्या हातात पडलं पाहिजे. थांबायचं कुठे हे गाडी यायच्या आधी ठरलं पाहिजे. एकदा तीनशे फुटांचे पैसे गेले की माणूस चौथ्या शंभरासाठी स्वतःला समजावतो.

पाणाड्याला तुच्छ लेखू नकोस. म्हातारा पाणाड्या आपल्या शिवारात उंबर कुठे आहे, वारूळ कुठे, ओढा कुठे वळतो, कोणत्या बांधावर उन्हाळ्यातही हरळी हिरवी राहते, हे सगळं डोळ्यांत साठवून असतो. त्यातलं बरंच कामाचं असतं. नारळ उभा राहतो तेव्हा हे साठवणच बोलत असावं, असं माझं मत आहे. त्याची उणीव वेगळी आहे. लागलेल्या बोअरचं नाव गावभर होतं आणि कोरड्या बोअरवर दगड ठेवून लोक विसरतात. त्यामुळे आपलं किती चुकतं हे त्याला स्वतःलाच कधी कळत नाही, आणि दुसऱ्या शिवारात गेल्यावरही तो तेवढ्याच ठामपणे बोलतो. त्याच्या शेजारी बस, विचार, शिकून घे. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांनाही विचार. कोणत्या विहिरीचं पाणी माघात तळाला जातं आणि कोणती चैत्रातही टिकते, हे त्यांच्याइतकं तुझ्या कार्यालयातल्या कोणत्याही कागदावर नाही.

आणि स्वतःसाठी एक वही कर. बोअर घेण्याआधी तुझा अंदाज शाईनं लिही: किती फुटांवर, किती पाणी, आणि तुला किती खात्री आहे. गाडी निघून गेल्यावर समोरच्या पानावर जे निघालं ते लिही. कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला, मुरूम कुठे संपला, काळा पाषाण कुठे लागला, लाल चिखल कुठे आला, सगळं. कोरडी गेलेली सगळ्यांत सविस्तर लिही. दोन-तीन वर्षांत त्या वहीतून तुला दिसेल की कोणत्या प्रकारच्या रानात तुझा शब्द खरा होतो आणि कुठे तुझी खात्री वायफळ असते. ते तुला कोणताही प्राध्यापक सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

एक शेवटची विनंती, आणि ती हट्टानं करतो. अहवालात ‘मर्यादा’ नावाचा परिच्छेद शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. तो तिथे कुणी वाचत नाही, आणि अनेकदा कुणी वाचू नये म्हणूनच तो तिथे असतो. तू तो पहिल्या पानावर, निष्कर्षाच्या लगेच खाली, शेतकऱ्याला वाचून दाखवता येईल अशा साध्या मराठीत लिही. वरिष्ठ कुरकुरतील. त्यांना नीट समजावून सांग, पण जागा बदलू नकोस.

तुझ्या आईला नमस्कार, बाळाला गोड पापा. उन्हाळ्यात इकडे येशील तेव्हा ती वही बरोबर घेऊन ये. कोरड्या बोअरची पानं आपण आधी वाचू.

तुझा,
काका